साखर आटोक्यात, तरी खाज कायम: वारंवार होणाऱ्या योनिदाहाचे सोलापुरातील एक प्रकरण

या प्रकरणातील महिला ४३ वर्षांची, विडी कामगार आणि सोलापूरच्या पूर्व भागातील एका कामगार वस्तीत राहणारी आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, नवरा यंत्रमागावर, दोन मुले, धाकट्याच्या जन्मानंतर लगेच कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील येथे दिलेला नाही. ती माझ्याकडे आली ती योनिदाहावर औषध घेण्यासाठी नव्हे, तर पिशवी काढायची की नाही हे विचारण्यासाठी. एका ठिकाणी तिला गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला मिळाला होता, खर्चाचा आकडाही सांगून झाला होता आणि घरात गळ्यातले गहाण ठेवण्याची बोलणी सुरू झाली होती. तेवढ्यात शेजारणीने आणखी एकदा कुणाला तरी दाखवून घे असे म्हटल्यामुळे ती फाइल घेऊन आली.

तक्रार आणि आधीचे उपचार

चौदा महिन्यांपासून तिला योनीभोवती खाज आणि आग होत होती, अंगावरून पांढरे जात होते, लघवी बाहेरच्या त्वचेला लागली की झोंबत असे आणि शरीरसंबंधाच्या वेळी इतके दुखे की तो विषयच तिने घरात बंद करून टाकला होता. औषध घेतले की दहा-पंधरा दिवस बरे वाटे आणि मग पुन्हा तेच सुरू होई. "मॅडम, मांडीवर सूप असतंय, दोन्ही हात पानात गुंतलेले, उठावं तर हजार पुरं होत नाहीत आणि बसावं तर बसवंना," असे तिने सांगितले. रात्री खाजेने झोप मोडत असे, तो भाग तिने विचारल्यावरच सांगितला. कंबर दुखणे आणि थकवा याही तक्रारी होत्या. पांढरे जाऊन जाऊन हाडे झिजली आहेत, अशी तिची आणि तिच्या सासूबाईंची खात्री होती. ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजलेली आहे की तिच्याशी वाद घालण्यापेक्षा हिमोग्लोबिन तपासून घेणे मला बरे वाटते. ते ९.८ निघाले, म्हणजे थकव्याचे कारण सापडले. आणि दिवसाचे आठ तास जमिनीवर वाकून बसणाऱ्या बाईची कंबर का दुखते, हे शोधायला कोणत्याही चाचणीची गरज नव्हती.

फाइलमधील कागद तारखेप्रमाणे लावून पाहिले तेव्हा या चौदा महिन्यांत तिला पाच वेळा त्रास झाल्याचे दिसले. पहिल्या वेळी एका सरकारी केंद्रातून तिला हिरवे किट मिळाले होते. पांढऱ्या स्रावाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात ठरवून दिलेले हे किट असते. त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते, म्हणजे जिवाणूंचा असमतोल, ट्रायकोमोनास हा परजीवी आणि बुरशी या तिन्ही शक्यता एकाच फटक्यात झाकल्या जातात. सूक्ष्मदर्शक नसलेल्या ठिकाणी ही पद्धत मला अजिबात वाईट वाटत नाही. पहिल्या वेळी ती पुरेशी ठरू शकते. पण पुढच्या चारही वेळा थोड्याफार फरकाने तीच पद्धत चालू राहिली. दोनदा क्लोट्रिमॅझोल आणि क्लिंडामायसिन एकत्र असलेल्या योनीत ठेवायच्या गोळ्या, एकदा ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलच्या गोळ्या, ज्यांनी खाज उलट वाढली, आणि एकदा पुन्हा फ्लुकोनॅझोलची एक गोळी. मधल्या काळात औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेले एक मलम होते, ज्यात बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल हे तीव्र स्टिरॉइड एकत्र होते. अशा स्टिरॉइड मलमांना २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकून चिठ्ठीशिवाय देण्यावर बंदी आणली गेली, तरी ती मिळतात आणि पहिल्या दोन दिवसांत खाज थांबवतात, त्यामुळे त्यांची ख्याती बायकांमध्ये पसरते.

या पाचही वेळी कोणत्याही कागदावर योनीतील स्रावाच्या तपासणीचा निकाल नव्हता. सोनोग्राफीचे दोन अहवाल मात्र होते. त्यांत गर्भाशय किंचित मोठे आणि गर्भाशयाच्या तोंडावर नॅबोथियन सिस्ट असे लिहिलेले होते. नॅबोथियन सिस्ट म्हणजे तिथल्या श्लेष्मल ग्रंथींचे तोंड बंद होऊन झालेल्या बारीक पुटकुळ्या. मुले झालेल्या अनेक स्त्रियांत त्या आढळतात आणि त्यांना काहीही करावे लागत नाही. पण "तोंडावर गाठी आहेत" असे ऐकल्यावर घरातल्या माणसांची झोप उडते, आणि शस्त्रक्रियेचा सल्ला याच गाठींच्या आधारावर उभा राहिला होता. गर्भाशय काढल्यावरही योनी तिथेच राहते आणि तिच्यातला दाहही तिथेच राहतो, ही साधी गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा तो प्रश्न ऊसतोडीपुरता आहे असे अनेकांना वाटले. अंगावरून पांढरे जाते या तक्रारीतून पिशवी काढण्यापर्यंतची वाट विडीच्या सुपाजवळूनही जाते.

तपासणी

बाहेरची त्वचा लालसर, सुजलेली, दोन ठिकाणी बारीक भेगा पडलेल्या, आणि मांडीच्या सांध्याजवळ जिथे ते मलम लावले जात होते तिथे पातळ व चकचकीत झालेली होती. योनीच्या भिंतींवर दह्याच्या फुटलेल्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव चिकटलेला होता. त्याला वास नव्हता. गर्भाशयाचे तोंड निरोगी दिसत होते आणि हाताने तपासताना गर्भाशय किंवा आजूबाजूचा भाग दुखत नव्हता. ही शेवटची नोंद महत्त्वाची होती, कारण ओटीपोटाच्या आतील संसर्ग असता तर विचाराची दिशा बदलली असती.

इथे एक गोष्ट ठासून लिहावीशी वाटते. नुसता स्राव पाहून निदान करण्याचा आत्मविश्वास आपल्या सर्वांना असतो आणि तो अनेकदा फसवतो, कारण एकाच वेळी दोन आजार असू शकतात, आधीच्या औषधांनी चित्र पुसट झालेले असते आणि खाजेची कारणे बुरशीपलीकडेही बरीच असतात. म्हणून मी तिच्या योनीच्या बाजूच्या भिंतीवरील स्राव आम्लता मोजण्याच्या कागदी पट्टीवर लावला. प्रजननक्षम वयात योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, कारण तिथल्या पेशींतील ग्लायकोजेनपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. नमुना गर्भाशयाच्या तोंडाजवळून घेतला, पाळी चालू असली, नुकताच संबंध आलेला असला किंवा आदल्या रात्री मलम लावलेले असले तर पट्टी चुकीचे सांगते, त्यामुळे शेवटच्या तिन्ही गोष्टी आधी विचारून घेतल्या होत्या. तिची पट्टी ४.४ च्या रंगावर थांबली.

त्यानंतर स्रावाचे दोन थेंब दोन काचपट्ट्यांवर घेतले, एकावर सलाइन आणि दुसऱ्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर माशासारखा वास आला नाही. सलाइनच्या पट्टीत लॅक्टोबॅसिलस भरपूर होते, जिवाणूंनी कडा झाकून टाकलेल्या क्ल्यू पेशी नव्हत्या आणि ट्रायकोमोनास हलताना दिसले नाहीत. ट्रायकोमोनास ओळखायचे ते त्यांच्या हालचालीवरून आणि ती काही मिनिटांतच थंडावते, त्यामुळे पट्टी लगेच पाहावी लागते. नमुना दुपारपर्यंत टेबलावर ठेवून पाहिला तर असलेला परजीवीही सापडत नाही, आणि लगेच पाहूनही तो बऱ्याचदा निसटतो. दुसऱ्या पट्टीत पेशी विरघळल्यावर कळ्या फुटलेल्या बुरशीच्या पेशी आणि धाग्यांची लांब जाळी स्पष्ट दिसली. म्हणजे हा कँडिडा बुरशीचा दाह होता.

जिवाणूंचा असमतोल, ज्याला डॉक्टर बीव्ही म्हणतात, तो असता तर १९८३ साली मांडलेल्या ॲम्सेलच्या चार निकषांपैकी तीन जुळले असते: पातळ एकसारखा स्राव, ४.५ पेक्षा जास्त पीएच, माशासारखा वास आणि क्ल्यू पेशी. त्यात खाज सहसा नसते किंवा कमी असते, आणि मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस हा नेहमीचा उपचार आहे. तिच्या बाबतीत चारपैकी एकही निकष जुळत नव्हता, तरी पाचपैकी चार वेळा तिला बीव्हीवर चालणारे औषध दिले गेले होते. निष्कारण दिलेल्या प्रतिजैविकाने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ऑफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांनंतर खाज वाढली होती ती बहुधा यामुळेच.

वर्षभरात तीन किंवा अधिक वेळा कँडिडाचा त्रास झाला तर तो वारंवार होणारा दाह मानतात. अशा वेळी नमुना कल्चरला पाठवणे योग्य असते, कारण कँडिडा ग्लॅब्राटासारखी जात असेल तर फ्लुकोनॅझोल नीट चालत नाही आणि ६०० मिलिग्रॅम बोरिक ॲसिडची कॅप्सूल तीन आठवडे योनीत ठेवावी लागते. ही कॅप्सूल पोटात गेल्यास विषारी ठरते आणि गर्भारपणात ती वर्ज्य आहे. तिचा अहवाल कँडिडा अल्बिकान्स असा आला, म्हणजे नेहमीची जात, फ्लुकोनॅझोलला दबणारी. मग ती पुन्हा पुन्हा का येत होती? तिच्या संमतीने केलेली एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह होती. पाच वर्षांपासून मधुमेह होता, आणि कोणताही डॉक्टर प्रथम तिथेच बोट ठेवील. पण जेवणाआधीची साखर ११८, जेवणानंतरची १६२ आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज, ७.१ होते. मागच्या डॉक्टरांपैकी एकाने तिला "तुमची साखर छान आहे, त्यामुळे नाही हे" असे सांगितले होते, आणि रक्तापुरते ते खरेच होते.

गोळ्यांची पिशवी

आतापर्यंत घेतलेली सगळी औषधे घेऊन या असे सांगितले होते, म्हणून दुसऱ्या भेटीत तिने प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी केली. पिळून चपट्या केलेल्या मलमाच्या दोन नळ्या, योनीतील गोळ्यांची रिकामी पाकिटे, कॅल्शियमच्या गोळ्या, हिरव्या किटचा खोका. साखरेच्या गोळ्या नव्हत्या. त्या कुठे आहेत असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्या साखरेच्या की हो मॅडम. त्या यात कशाला आणू?" तिचे उत्तर अगदी तर्कशुद्ध होते, आम्ही डॉक्टरही मधुमेहाची फाइल आणि स्त्रीरोगाची फाइल वेगवेगळीच ठेवतो. मुलाला फोन करून तिने पट्ट्यांचे फोटो मागवले. एक पट्टी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची होती. दुसरी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅमची होती. ती कधी सुरू झाली, असे विचारल्यावर तिने बोटांवर मोजून गेल्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमाराला असे सांगितले. पहिली खाज त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास.

डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडात काम करते. रक्तातून गाळली गेलेली साखर मूत्रपिंड एरवी परत शोषून घेते. ही गोळी ते शोषण अडवते आणि दिवसाला साधारण ५० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर जाते. रक्तातील साखर त्यामुळेच उतरते, आणि लघवी गोड होते ती उपचार चुकल्यामुळे नव्हे तर उपचार लागू पडल्यामुळे. लघवी करताना जननेंद्रियाच्या त्वचेवर साखरेचा ओलावा राहतो आणि तिथे नेहमीच थोड्या प्रमाणात असणारी कँडिडा त्यावर पोसली जाते. या गटातील गोळ्यांवर जननेंद्रियाच्या बुरशीचे प्रमाण इतर मधुमेही औषधांच्या तुलनेत तीन पटींच्या आसपास असल्याचे चाचण्यांत सातत्याने दिसले आहे. तिच्या लघवीत साखर ४+, म्हणजे भरपूर निघाली. एचबीए१सी पाहून ज्याने मधुमेहाचा संबंध नाकारला त्याने रक्त पाहिले होते, लघवी पाहिली नव्हती.

भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये संपले आणि ती एकदम स्वस्त झाली. त्यामुळे पूर्वी मोजक्या रुग्णांना परवडणारी ही गोळी आता विडी कामगारांच्या चिठ्ठीतही असते. ही चांगलीच गोष्ट आहे. हृदयाची कार्यक्षमता कमी झालेल्या आणि मूत्रपिंड बिघडू लागलेल्या रुग्णांचे आयुष्य या गोळीने वाढते, आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांचा निर्णय मला कुठेही चुकीचा वाटत नाही. मात्र गोळी देताना खाज आली तर सांगा, इतके एक वाक्य बाईला मिळायला हवे होते. पुरुष डॉक्टर आणि संकोची रुग्ण यांच्यात ते वाक्य बहुतेक वेळा राहून जाते.

त्या फोटोतून आणखी एक गोष्ट उलगडली. मागच्या वेळी फ्लुकोनॅझोलची गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला दरदरून घाम सुटून हातपाय थरथरले होते. तो मार्गशीर्षातला गुरुवार होता, उपवास होता, म्हणून घरच्यांनी साखरपाणी दिले आणि उपवासाच्या माथी सगळे मारून विषय संपवला. ग्लिमेपिराइडचे विघटन यकृतातल्या ज्या विकरामुळे होते त्यालाच फ्लुकोनॅझोल अडवते. गोळी शरीरात रेंगाळते, साखर खाली जाते, आणि त्यात पोट रिकामे असेल तर धोका वाढतो. खाजेवरच्या एका गोळीने एखादी बाई बेशुद्ध होऊ शकते, हे योनिदाहाच्या उपचारात क्वचितच कुणाच्या लक्षात येते.

उपचार

मधुमेहाच्या डॉक्टरांना मी फोन केला. तिच्या हृदयाचा आलेख आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, म्हणजे क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन, सामान्य होते, त्यामुळे डॅपाग्लिफ्लोझिनचा जो खास फायदा असतो तो तिला सध्या तितकासा मिळत नव्हता. त्यांनी ती थांबवून सिटाग्लिप्टिन सुरू केले आणि फ्लुकोनॅझोलच्या काळापुरते ग्लिमेपिराइड निम्मे केले. रुग्णाने आपल्या मनाने किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाने परस्पर ही गोळी बंद करू नये; दुसऱ्या एखाद्या रुग्णात हाच निर्णय घातक ठरू शकतो.

फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची गोळी पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी दिली, कारण वारंवार होणाऱ्या दाहात एक गोळी पुरत नाही. तिची शस्त्रक्रिया झालेली आणि पाळी वेळेवर आलेली होती, म्हणून ही गोळी देता आली. गर्भवतीला ती टाळून क्लोट्रिमॅझोलसारखे औषध सात रात्री योनीत ठेवायला देतात. या काळात उपवास करायचा नाही आणि घाम सुटला तर आधी साखर खायची, मग फोन करायचा, हे मुलालाही समजावून सांगितले. स्टिरॉइडचे मलम बंद केले. भेगांवर साधे पेट्रोलियम जेलीचे आवरण आणि हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या, एवढेच वाढवले.

स्वच्छतेबद्दल मात्र बराच वेळ बोलावे लागले, कारण ती कमी नव्हती, जास्त होती. बादलीत जंतुनाशकाचे झाकण टाकून सकाळ-संध्याकाळ आतून धुणे आणि अधूनमधून तुरटीचे पाणी असा तिचा नेम होता. शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येते अशा घरात ती त्यासाठी वेगळी बादली राखून ठेवायची, यावरून त्रास किती होता ते कळावे. जंतुनाशकाने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि नाजूक त्वचा भाजते; तिची बाहेरची आग काही अंशी यामुळेच होती. आतून काहीही धुवायचे नाही, बाहेरून साध्या पाण्याने दिवसातून एकदा पुरे, लघवीनंतर पुढून मागे कोरडे करायचे, नायलॉनऐवजी सुती वस्त्र आणि घामाने भिजले की बदलायचे, असे सांगितले. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी पार केलेल्या पाऱ्यात पत्र्याच्या घरात बसून विड्या वळणाऱ्या बाईला हवेशीर कपडे वापरा असा सल्ला देणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून तिच्यासाठी तो इतकाच केला: हजार पुरे होण्याआधी मध्ये एकदा उठायचे.

नवऱ्याचा प्रश्न

तिसऱ्या भेटीत नवरा बरोबर आला होता आणि बाहेर बसून राहिला होता. आत आल्यावर तिने हळू आवाजात विचारले, "यांना पण गोळ्या लागतील का? घरी सगळे म्हणतात, हे बाहेरून आलंय." हा प्रश्न औषधापेक्षा संसाराचा होता आणि त्याचे उत्तर निदानावरच अवलंबून होते. ट्रायकोमोनास असता तर जोडीदाराला उपचार देणे आवश्यक ठरले असते, कारण तो लैंगिक संबंधातून पसरतो. बीव्हीच्या बाबतीत बरीच वर्षे जोडीदाराच्या उपचाराचा फायदा दिसत नव्हता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत जोडीदाराला मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर लावायचे क्लिंडामायसिन मलम असे दोन्ही दिल्यावर बारा आठवड्यांत बीव्ही उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले, त्यामुळे तिथला विचार आता बदलतो आहे. कँडिडा मात्र लैंगिक आजार मानला जात नाही; नवऱ्याला स्वतःला खाज किंवा पुरळ नसेल तर त्याला औषध लागत नाही. त्याला आत बोलावून मी हे त्याच्यासमोर, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसले आणि गोळीमुळे काय झाले यासह सांगितले. तो फारसे काही बोलला नाही. पिशवी काढायची नाही ना, एवढेच त्याने दोनदा विचारून घेतले.

पुढील काळ

तीन आठवड्यांनी खाज गेली होती, भेगा भरल्या होत्या आणि काचपट्टीवर बुरशी नव्हती. लघवीतील साखरही नव्हती. जेवणानंतरची साखर थोडी वर, १८० च्या आसपास गेली होती. ती सिटाग्लिप्टिन आणि रात्रीच्या भाताचे प्रमाण यांवर सोडली.

वारंवार होणाऱ्या कँडिडासाठी सुरुवातीच्या तीन गोळ्यांनंतर आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल सहा महिने देण्याची पद्धत आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत असे सहा महिने औषध घेणाऱ्या सुमारे ९१ टक्के महिला त्या काळात त्रासमुक्त राहिल्या, पण औषध थांबल्यावर वर्षअखेरीस हा आकडा ४३ टक्क्यांवर आला. म्हणजे औषध बुरशी दाबून ठेवते, तिच्या येण्याचे कारण हटवत नाही. या रुग्णात कारण हटवता आले होते, शिवाय ग्लिमेपिराइडबरोबर सहा महिने फ्लुकोनॅझोल चालवण्याची जोखीम मला घ्यायची नव्हती, म्हणून साप्ताहिक गोळी सुरू केली नाही आणि लक्षणे दिसताच औषधाआधी तपासणीला यायचे ठरवले. कारण सापडले नसते तर मी ती नक्की सुरू केली असती.

चौथ्या महिन्यात ती पुन्हा आली. दाढेच्या दुखण्यासाठी घेतलेल्या अमॉक्सिसिलिननंतर सौम्य खाज सुरू झाली होती. काचपट्टीवर थोडी बुरशी दिसली, क्लोट्रिमॅझोल सात रात्री दिले आणि तेवढ्यावर ती बरी झाली. त्याच भेटीत, दाह नसलेल्या स्थितीत पुढच्या महिन्यात गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची ॲसिटिक ॲसिडने तपासणी करून घ्यायचे ठरले. ३० ते ६५ वयोगटासाठी सरकारी कार्यक्रमात ही तपासणी आहे आणि चौदा महिने इतक्या लोकांनी तिला तपासले तरी ती झालेली नव्हती. ती सामान्य आली.

एका मुद्द्यावर मधुमेहाचे डॉक्टर आणि मी यांच्यात अजून पूर्ण एकमत नाही. लघवीतील अल्ब्युमिन ते दरवर्षी तपासणार आहेत आणि ते वाढले तर डॅपाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू करावे असे त्यांचे म्हणणे आहे. मूत्रपिंड वाचवणे खाजेपेक्षा मोठे, हा त्यांचा युक्तिवाद नाकारता येत नाही. तशी वेळ आली तर ग्लिमेपिराइड आधी पूर्ण काढून टाकायचे, गोळीबरोबरच साप्ताहिक फ्लुकोनॅझोल सुरू करायचे आणि जननेंद्रियाजवळ तीव्र वेदना, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात यायचे, कारण या गटातील औषधांवर तिथला गंभीर संसर्ग क्वचित पण जिवावर बेतणारा असतो, असे तिच्या दोन्ही फाइलींवर लिहून ठेवले आहे.